जहाज लागू नये म्हणून

आमच्या सासरी नवीन पाहुणा आला की माझी ओळख एका दमात करून देतात. "या आमच्या थोरल्या सूनबाई, शाळेवर मास्तरीण हायत, आन् यांना गाडी लय लागती." इतक्या वर्षांच्या नोकरीचं कौतुक बाजूला राहतं आणि पाहुणा आपल्या मावशीला लिंबाची फोड कशी लागू पडली ते सांगायला लागतो. मी मान डोलावते. लिंबू, ओवा, आवळासुपारी, कापूर, पोटावर वर्तमानपत्र, बेंबीत हिंग, मुठीत लोखंडाची चावी, सगळं करून झालेलं आहे. एका लांबच्या आत्यानं तर गाडीत चढताना आधी डावा पाय टाकायला सांगितलं होतं. तेही केलं. डाव्या पायानं चढले आणि उजव्या खिडकीतून ओकले.

माझं माहेर झरीचं. झरीहून परभणी म्हणजे काही परदेश नव्हे, पण लहानपणी तेवढ्या रस्त्यातही माझ्या नाकी नऊ यायचे. यावर आईचा एकच उपाय होता, उपास. गावाला जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळपासून माझं ताट बंद. भावंडं शिदोरीतले धपाटे आणि दही खात बसायची आणि मी खिडकीला कपाळ टेकवून लिंबू हुंगत बसायची. आई म्हणायची, "पोटात काईच न्हाई तर भाईर काय येईल?" हा हिशोब मला अगदी बिनचूक वाटायचा. पुढं मी हजारभर पोरांना गणित शिकवलं, पण आईचं हे गणित चाळीस वर्षांत एकदाही तपासून बघितलं नाही. दर प्रवासाला उपाशी निघायचं आणि दर प्रवासात आंबट पाणी ओकून अर्धमेलं व्हायचं, हा आमच्या घराचा कुळाचारच झाला होता.

आणि अशा मुलीला दिलं कुणाला, तर एसटीच्या ड्रायव्हरला. लग्न ठरलं तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. वरात झरीहून मानवतला जीपनं निघाली आणि वाटेत चार वेळा थांबली. चारही वेळा नवरदेव मुंडावळ्या सावरत खाली उतरले आणि पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले. तोवर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. ते मला पहिल्यांदा जे बोलले ते असं, "खाली नको बगू. समोर बग." मी मनात म्हटलं, शहाणेच दिसतात. नव्या नवरीनं डोक्यावरचा पदर सांभाळत खाली मान घालून बसायचं असतं. समोर कसं बघणार?

पुढं बरीच वर्षं त्यांच्याकडं मानवत–परभणी ही फेरी होती. नवीन असताना त्यांना फार हौस, बायकोनं आपल्या गाडीत बसावं, आपलं चालवणं बघावं. मी बसायची. मानवतहून निघालं की मानवत रोड स्टेशनापर्यंत तग धरायची आणि तिथं हात वर करायची. कंडक्टर मंडळींना इतकी सवय झाली होती की स्टेशन दिसायला लागलं की ते न सांगता घंटीच्या दोरीला हात घालायचे. मी उतरून कडुलिंबाच्या झाडाखाली बसायची. गाडी परभणीला निघून जायची. दहा-बारा वेळा असं झाल्यावर ती हौस आम्ही दोघांनीही सोडून दिली. शाळेला मी स्कूटीवर जायला लागले. गंमत म्हणजे स्कूटीवर मला कधीच लागलं नाही. असं का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. ज्या कारणानं बरं चाललंय ते कशाला उकरायचं!

गेल्या उन्हाळ्यात ते रिटायर झाले. ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला गाडी झेंडूच्या माळांनी सजवायची आणि घरच्यांना तिच्यातून न्यायचं, अशी आमच्याकडं रीत पडली आहे. ड्रायव्हरच्या मागची पुढची सीट बायकोची. पोचल्यावर परभणीच्या स्टँडवर बँड आणि दोघांना मिळून शाल-नारळ. मी ठरवलं होतं, आज काही झालं तरी उतरायचं नाही. त्यासाठी दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही जाऊ दिलं नाही. साडी नेसले, गजरा माळला, बसले. मानवत रोड यायच्या आतच डोळ्यांपुढं अंधारी आली. यांनी आरशात माझं तोंड बघितलं आणि गाडी बाजूला घेतली. स्वतः खाली उतरले, पाण्याची बाटली दिली आणि हळूच म्हणाले, "म्हनशील तर मी बी हितंच थांबतो." माळा लावलेली गाडी, मागं भरलेले प्रवासी, पुढं वाट बघणारा बँड! मी खालीच थांबले आणि त्यांना ढकलून गाडीत चढवलं.

रात्री ते दोन नारळ घेऊन घरी आले. एक माझ्या ओटीत घालून म्हणाले, "हे तुझ्या वाटचं." चार दिवसांनी फोटो आले. त्यात हार घातलेले हे बसलेत आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीकडं बघून मला जेवढं रडू आलं तेवढं माहेर सोडतानाही आलं नव्हतं. वर त्या आठवड्यात पुण्याला नोकरीला असलेल्या आमच्या मुलीशी ते फोनवर बोलत होते ते माझ्या कानावर पडलं. "काई न्हाई गं, समदं झ्याक झालं. फक्त एकदा तरी तुझी आई शेवटच्या स्टॉपपर्यंत संगं असती तर बरं वाटलं असतं."

म्हणून मुलीनं दिवाळीच्या सुट्टीत मुंबई ते गोवा आणि परत अशी जहाजाची आमची दोघांची तिकिटं काढली, तेव्हा मी एका क्षणात हो म्हणून बसले. ती घाबरली. म्हणाली, "मम्मी, नीट विचार कर हं. जहाजाला मानवत रोड नसतं." तेच तर मला हवं होतं. मधे उतरायची सोयच नसेल तर शेवटपर्यंत जावंच लागेल. या माणसाबरोबर एक तरी प्रवास मला पुरा करायचा होता, आणि तोही हसतखेळत, बादलीत तोंड घालून नव्हे.

मग मी तयारीला लागले. परभणी जिल्ह्यात राहून समुद्राची तयारी करायची म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकण्यातला प्रकार, पण मास्तरकी अंगात मुरलेली, सराव केल्याशिवाय परीक्षेला बसवत नाही. शेजारच्या काकूंकडं बंगई होती, घरात टांगायचा लाकडी झोपाळा. रोज संध्याकाळी तिच्यावर मी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायची आणि काकू झोके द्यायच्या. तिसऱ्या दिवशी काकूंनाच चक्कर आली. नवरात्रात देवीच्या जत्रेत आकाशपाळणा आला होता. त्यात बसले आणि दुसऱ्या फेऱ्यालाच पाळणेवाल्याला ओरडून थांबवायला लावलं. खाली माझ्याच वर्गातली पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. यांची करमणूक तर विचारूच नका. "जहाज काय डांबरी रस्त्यावरून जायलंय का? त्याला गचके नसतात. आन् मला बग, एवढी वर्सं गाडी चालवली, कधी साधी मळमळ न्हाई. ज्याला लागायचं त्याला लागतं, त्याला काई विलाज नसतो." लोका सांगे ब्रह्मज्ञान! ते पुढं बघूच.

शेवटी मी गावातल्या डॉक्टरीण बाईंकडं गेले. वयानं माझ्या मुलीएवढी, पण ऐकून घेणारी. हे बाहेर टपरीवर चहा पीत थांबले. मी माझी सगळी कुळकथा सांगितली. उपासाचं ऐकून तिनं पेन खाली ठेवलं.

"मॅडम, तुम्ही दर वेळी उपाशी जाता?"

"आईनं लावलेली सवय."

"मग लागणारच की! रिकाम्या पोटात तर जास्तच ढवळतं. भरपेट तडस लागेल इतकं नको, पण थोडं, कोरडं, बिनतेलाचं काहीतरी पोटात हवंच. दर दीड-दोन तासांनी घासभर." मग तिनं मला समजावलं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो सांगतो की आपण हलतोय. डोळे गाडीच्या आतली सीट बघत असतात, ते सांगतात की नाही, सगळं जागेवर आहे. दोघांचं भांडण लागतं आणि मार पोटाला बसतो. "म्हणून लांब बघायचं. जिथं आभाळ टेकतं तिथं. मोबाइल, पुस्तक काही नको. जहाजाच्या मधल्या भागात खालची खोली घ्या, तिथं कमी हलतं. गोळी लिहून देते, ती जहाज निघायच्या आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही."

मी विचारलं, "आणि स्कूटीवर कसं लागत नाही मग?"

ती हसली. "चालवणारा समोर बघत असतो ना. पुढं वळण आहे, खड्डा आहे, हे त्याला आधीच ठाऊक असतं. ड्रायव्हरला कधी गाडी लागलेली बघितलीय?"

मी दारातून बाहेर बघितलं. टपरीवर आमचे ड्रायव्हर दुसरा चहा मागवत होते. मला एकदम ती वरात आठवली. चाळीस वर्षांच्या दुखण्याचा इलाज या माणसानं पहिल्याच वाक्यात सांगितला होता आणि मी पदराखालून मनात त्याला शहाणा म्हटलं होतं! आईच्या गणिताचा मला रागही आला आणि हसूही आलं. त्या उपासांच्या दिवसांत मी किती धपाट्यांवर पाणी सोडलं होतं, याचाही विचार मनात येऊन गेला.

कोरडं म्हणजे नेमकं काय खायचं, यावर आमची जरा चर्चा झाली. ती बिस्किटं म्हणाली. मी म्हटलं, ज्वारीची भाकर तव्यावर उतरवून मंद आचेवर पापडासारखी कडक केली तर? ती म्हणाली, उत्तम. मग जहाजावर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत हे मुलीनं सांगितलेलं मला आठवलं, आणि मी हट्टानं तिच्याकडून चिठ्ठीवर लिहूनच घेतलं: गोळी, त्याखाली सुंठ, त्याखाली ज्वारीची कडक भाकरी, थोडी थोडी, दिवसातून सहा वेळा. सही, शिक्का.

घरी आल्यावर मी यांनाही नियम वाचून दाखवले आणि डॉक्टरणीचं सगळं बोलणं सांगितलं. ते म्हणाले, "हे समदं तुझ्यासाठी. ड्रायव्हरला लागत न्हाई, असं तुझी डॉक्टरीणच म्हणली ना?"

शुक्रवारी मानवत रोडहूनच रेल्वे पकडली. रेल्वे मला तेवढी लागत नाही. शनिवारी सकाळी मुंबईत मुलगी पुण्याहून येऊन आम्हाला भेटली. तिनं नाश्त्याला पोहे मागवले. मी भाकरीचा तुकडा मोडला. हे म्हणाले, "मला नको, राती लय झालं." नंतर तिनं केळी पुढं केली तर ती त्यांनी पिशवीत टाकली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, पण माझं सगळं चित्त माझ्याच पोटावर होतं. गरोदर बाईनं बाळाची हालचाल ऐकावी तशी मी त्याचा कानोसा घेत बसले होते.

बंदरावर सामान तपासणाऱ्या गार्डनं पिशवीतल्या भाकरी बाहेर काढल्या. एकावर एक रचलेल्या दहा. वाजवून बघितल्या. "मॅडम, खाना अलाउड नहीं है."

"खाना नहीं साब, दवा है," मी म्हटलं आणि चिठ्ठी पुढं केली. आमची परभणीची हिंदी पक्की असते. त्यानं चिठ्ठी वाचली, शिक्का बघितला, दुसऱ्या गार्डला बोलावून दाखवली. दोघंही हसायला लागले. शेवटी चार काढून घेतल्या आणि सहा जाऊ दिल्या. त्या चारांचं त्यांनी पुढं काय केलं ते मला माहीत नाही, पण पलीकडं गेल्यावर कडाकडा मोडण्याचा आवाज मी नक्की ऐकला.

जहाज म्हणजे काय सांगू! पाण्यावर उभं केलेलं अख्खं गावच. दुपारी वेळेवर गोळी घेतली, भाकर चघळली, सुंठेची वडी गालात धरली आणि डेकवर खुर्ची टाकून आभाळ टेकतं तिथं नजर लावली. हे खुशीत येऊन हिंडत होते. ह्याला गिअर किती असतील, रिव्हर्स कसा घेत असतील, ड्रायव्हर दिसत कसा न्हाई, अशी चौकशी त्यांनी तीन वेटरांकडं आणि एका झाडूवाल्याकडं केली. जेवणाच्या हॉलमध्ये माझ्यासाठी सुका पाव आणि उकडलेला बटाटा शोधून आणला. "तुमचं ताट?" विचारलं तर म्हणाले, "घेतो मागून. आधी तुझं बघू दे."

किनारा दूर गेला आणि जहाज हळूहळू डुलायला लागलं. झोपलेल्या म्हशीचं पोट वरखाली व्हावं तसं. आता येईल, आता येईल म्हणून मी वाट बघत राहिले. घटका गेली, दोन गेल्या. काही नाही! पोट आपलं गप्प. उलट वाऱ्यानं भूक लागल्यासारखं वाटायला लागलं. मला इतका आनंद झाला की उठून फुगडी घालावीशी वाटली. हे सांगायला मी यांच्याकडं वळले आणि बघते तर काय, रिटायर ड्रायव्हर कठडा धरून बसलेत, तोंड पांढरंफटक, वरच्या ओठावर घाम.

"काय व्हायलंय?"

"काई न्हाई. जरा उकडायलंय."

वाऱ्यानं माझा पदर कठड्याबाहेर उडत होता आणि यांना उकडत होतं. तो घाम मी ओळखते. त्या घामात मी पदवीधर आहे. पुढच्या क्षणाला ते वाकले. मी पर्समधली कागदी पिशवी त्यांच्या तोंडापुढं धरली. ती मी माझ्यासाठीच आणली होती. एक उबळ, दुसरी, तिसरी. पण पिशवीत काही पडलंच नाही, नुसतं आंबट पाणी.

आणि माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अशी कोरडी उबळ भरल्या पोटाला येत नाही. ती उपाशी पोटालाच येते. ती मी चाळीस वर्षं भोगली आहे. सकाळचे पोहे आठवले, केळी आठवली, दुपारचं ताट आठवलं.

"तुमी सकाळधरून काई खाल्लं का?"

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

"मी तुमाला विचारायलेय."

मग बोलले, पाण्याकडं तोंड करून. "आज शनिवार हाय. मारोतीला बोललो व्हतो. दिवसभर तोंडात दाणा घालनार न्हाई, पन हिला एकदा शेवटपर्यंत सुखानं नेऊ दे."

आधी मला भयंकर राग आला. या माणसानं जन्मात कधी उपास केलेला नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण यांच्यावरूनच पडली असावी असं आमच्या घरात म्हणतात. मी भाकरी कडक करत होते तेव्हा हे चुलीशेजारी बसून मला हसत होते, आणि मनात नवस बोलत होते! डॉक्टरणीनं लिहून दिलेलं सगळं वाचून दाखवलं तेव्हा कान कुठं होते? मग त्या रागातच माझे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच मला हसू फुटलं. ते काही केल्या थांबेना.

"हसायलीस कामून?"

"तुमच्या मारोतीनं बरोबर काम केलंय हो. माझं दुखणं उचललं, फक्त खाली कुठं ठेवावं ते त्याला कळलं न्हाई." त्यांनाही तशा अवस्थेत हसू आलं आणि लगेच पुढची उबळ आली.

त्यांना धरून मी मधल्या मजल्यावर आणलं, जिथं सगळ्यात कमी हलत होतं. जहाज जात होतं त्या दिशेला तोंड करून खुर्चीत बसवलं. भाकरीचा तुकडा पुढं केला तर मान हलवली. शनिवार दिवेलागणीनंतर सुटतो, त्याआधी नाही. सूर्य पाण्यात अर्धा बुडालेला होता. मी म्हटलं, आधी पोटोबा मग विठोबा असं आपली माणसं उगाच म्हणून गेली नाहीत. पण ऐकतील तर शपथ. मग आम्ही दोघं सूर्याकडं बघत बसलो. इतक्या हळू तो याआधी कधी बुडाला नसेल. शेवटची कोर गेली आणि जहाजावरचे सगळे दिवे एकदम लागले.

"घ्या, दिवे लागले. आता काय म्हनायचंय?"

त्यांनी हात जोडले आणि तोंड उघडलं. मी कणाएवढा तुकडा, वर मिठाचा खडा, असं एकेक करून भरवत गेले. वर घोटभर लिंबूपाणी. एक वेटर हे सगळं लांबून बघत होता, तो न सांगता हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं घेऊन आला. बिस्किटं यांनी त्यालाच परत दिली.

पण खाताना त्यांची नजर परत पायाशी वळली होती. मी त्यांच्या हनुवटीला हात लावून मान वर केली आणि म्हटलं, "खाली नका बगू. समोर बगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते वाक्य कुठलं हे त्यांना कळलं, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. मग समोर बघितलं. अजून उजेड होता, आभाळ आणि पाण्यातली रेघ स्पष्ट दिसत होती. जरा वेळानं त्यांचा उजवा पाय हलायला लागला. मी निरखून बघितलं तर ते ब्रेक दाबत होते! "आता चढ हाय," ते पुटपुटले, आणि जहाज वर चढलं. "आता उतार. सावकाश." जहाज उतरलं. लाट दिसली की आधी सांगायचे आणि पाय तयार ठेवायचे. असे कितीतरी मैल त्यांनी खुर्चीत बसून जहाज चालवलं. हळूहळू तोंडावर रंग आला. घाम सुकला. दुसऱ्या भाकरीवर आले तेव्हा म्हणाले, "ड्रायव्हर चांगला हाय ह्यांचा. उगा ब्रेक मारीत न्हाई." मग बारीक आवाजात, "वाईच ठेचा आसता तर…" तेव्हा मी ओळखलं, गाडी रुळावर आली.

शेजारी एक नागपूरच्या बाई कपाळ धरून बसल्या होत्या. अर्धी भाकर त्यांना दिली. पलीकडच्या दोघांनी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सहाच्या सहा भाकरी संपल्या होत्या आणि जहाजभर लोक मला डॉक्टर समजायला लागले होते. मी प्रत्येकाला विचारायची, "उपाशी तर नाही ना?" पुढचे दिवस आम्ही लग्नाआधीच्या पोरापोरींसारखे हिंडलो. यांनी पोहण्याच्या हौदात पाय सोडले, संध्याकाळी गाण्यावर हात वर करून नाचलेसुद्धा. मुंबईला परत लागलो तेव्हा सगळे उतरेपर्यंत ते थांबून राहिले. मग माझा हात धरून सावकाश शिडीवरून उतरले आणि खाली आल्यावर म्हणाले, "शेवटचा स्टॉप." मला वाटलं, संपलं, जे हवं होतं ते झालं.

पण संपलं नव्हतं. मानवतला आल्यावर पुढच्याच रविवारी सकाळी मी पोटभर नव्हे, पण एक भाकर खाल्ली. यांच्यापुढंही ताट ठेवलं आणि संपेपर्यंत समोर बसून राहिले. मग त्यांना घेऊन स्टँडवर गेले आणि परभणीच्या गाडीत चढले. ड्रायव्हरच्या मागची पुढची सीट रिकामी होती. खिडकीकडं त्यांना बसवलं. एवढ्या वर्षांत ते त्या गाडीत प्रवासी म्हणून पहिल्यांदाच बसत होते. कंडक्टर त्यांचा जुना सोबती. त्यानं मला बघितलं आणि सवयीनं विचारलं, "वहिनी, मानवत रोड ना?"

"दोन परभणी," मी म्हटलं.

मी समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिले. खड्डा दिसला की आधी अंग सावरायचं, वळण दिसलं की तयार राहायचं. हेही तेच करत होते. त्यांचा पाय ब्रेकवर होता हे मला न बघताही कळत होतं. स्टेशनाजवळचं लिंबाचं झाड दिसायला लागलं आणि त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाड जवळ आलं तसे ते उठले आणि त्यांचा हात वर, घंटीच्या दोरीकडं गेला.

मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं.

"बसा," मी म्हटलं. "परभणी यायचीय अजून."

ते बसले. बाटली मांडीवर तशीच धरलेली. लिंबाचं झाड आमच्या डाव्या हातानं मागं गेलं, आणि माझा हुशार ड्रायव्हर कितीतरी वेळ समोरचा रस्ता सोडून माझ्याकडंच बघत राहिला.